सोनमचा चष्मा

"'सोनमचा चष्मा रोज घरीच राहतो. कृपया आठवणीने दप्तरात ठेवत जा. चष्म्याशिवाय तिला पुस्तकातलं वाचता येत नाही.'" उत्कर्षाने मोबाइलवरचा मेसेज मोठ्याने वाचला. तव्यावरची चपाती करपायला लागली होती. "अहो, हे काय? कुठला चष्मा?"

सुगत दुपारच्या पाळीला निघाला होता. बुटाची नाडी बांधता बांधता तो थबकला. सोनमला चष्मा नव्हता. कधीच नव्हता.

"टीचरचं काईतरी मिक्स झालं असेल," तो म्हणाला. "दुसऱ्या कोनाचा मेसेज आपल्याला आला."

"सोनमचंच नाव आहे." उत्कर्षाने गॅस बंद केला आणि आतल्या खोलीकडे बघून हाक मारली, "सोनम, इकडे ये जरा. टीचरना काय सांगितलंस तू?"

तिसरीतली सोनम शाळेचा युनिफॉर्म न बदलताच दारात येऊन उभी राहिली. तिने आईकडे पाहिलंच नाही. ती बापाकडे बघत होती.

"चष्मा विसरला म्हटलं की टीचर दुसऱ्या कोणाला तरी वाचायला उठवतात."

"हे कोणी शिकवलं तुला?"

सोनमची नजर बापावरून हलली नाही. तिला बोलायची गरजही नव्हती. लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि उत्कर्षाने हे वाक्य बँकेत ऐकलं होतं, रेशन ऑफिसात ऐकलं होतं, लग्नपत्रिका हातात पडली की ऐकलं होतं: "अरे, चष्मा घरी राहिला. तू वाच ना जरा." सुगतने पनवेलच्या फुटपाथवरून एक तयार चष्मा आणूनही ठेवला होता. घालायला नव्हे, विसरायला.

त्याने नाडी कशीबशी आवळली आणि "बस चुकेल" म्हणत तो जिना उतरला. बस यायला अजून वीस मिनिटं होती.

सुगत सकपाळ तळोज्याच्या एका केमिकल कंपनीत फिटर होता. नावड्याच्या कॉलनीतून सकाळी, दुपारी किंवा रात्री, ज्या पाळीला कंपनीची बस येईल त्या पाळीला तो निघायचा. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक पंपाच्या बेअरिंगवर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि आत काय बिघडलंय ते सांगायचं, यात अख्ख्या प्लांटमध्ये त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. इंजिनिअर लोक ड्रॉइंग उघडून बसेपर्यंत याचा पंप खोलून, जोडून, फिरायला लागलेला असायचा. मात्र काम संपून जॉब कार्ड भरायची वेळ आली की याचे हात नेमके ग्रीसने माखलेले असत. "तुमी लिहा साहेब, मी सांगतो." सतरा वर्षांत त्या एका वेळी त्याचे हात कधी स्वच्छ नव्हते.

महाडजवळच्या गावात शाळेत गेल्यापासून अक्षरं त्याच्यासमोर कधी नीट उभीच राहिली नाहीत. ओळीवर बोट ठेवावं तर शब्द बोटाखालून सटकायचा. गुरुजींनी दोन वर्षं प्रयत्न केला, मग 'ढ' म्हणून मागच्या भिंतीला टेकवला. बाप, शिवराम, मुंबईत गोदीत ओझी वाहायचा आणि सुटीवर आला की एवढंच म्हणायचा, "शीक बाबा. माजं झालं तसं तुजं नको." त्या एका वाक्यापायी सुगतने धडेच्या धडे दुसऱ्याकडून वाचून घेऊन पाठ केले. दहावी काठावर सुटली. आयटीआयची थिअरीही तशीच सुटली. नोकरी लागली, तेव्हा त्याला वाटलं, सुटलो. आता कोणाला कळायचं नाही.

त्याच्या समजुतीने ते पहिल्यांदा कळलं गीतांजली टीचरना.

मागच्या वर्षी सोनम दुसरीत होती. गीतांजली म्हात्रे तिची वर्गशिक्षिका, वय जेमतेम सव्वीस-सत्तावीस, कंत्राटावर लागलेली, घणसोलीजवळच्या तळवलीहून दोन बस बदलून नावड्याला यायची. सप्टेंबरात तिने डायरीत चिठ्ठी लिहून पालकांना बोलावलं. उत्कर्षा मेडिकलच्या दुकानात कामाला असल्याने त्या दिवशी सुगत एकटाच गेला. वर्गातल्या बुटक्या बाकावर गुडघे छातीशी घेऊन बसला. मागे आणखी दोन आया थांबल्या होत्या.

"सोनम हुशार आहे," गीतांजली म्हणाली. "तोंडी विचारलं की सगळ्यांच्या आधी उत्तर देते. पण कागद समोर आला की ती अडते. अक्षरं उलटी लिहिते, ओळ गाळते. मी तिला माझ्या टेबलाजवळ बसवते, म्हणजे मला मदत करता येते. एकदा तज्ज्ञ डॉक्टरांना दाखवाल का?" आणि तिने दोन पानी छापील कागद त्याच्या हातात दिला. "हे वाचून बघा. यातलं घरी काय काय दिसतं, त्याच्यावर खूण करा."

सुगतने कागद घेतला. वळवळणाऱ्या ओळींकडे बघत राहिला. खिसे चाचपले. चष्म्याचं वाक्य तोंडाशी आलं, पण का कोण जाणे, बाहेर पडेना. गीतांजली त्याच्याकडे बघत होती. मग ती किंचित पुढे वाकली आणि मागच्या बायकांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "मी वाचून दाखवू का?"

बस्स, एवढंच. तिच्या आवाजात कुचेष्टा नव्हती, कीवही नव्हती. पण सुगतच्या कानशिलात वाजल्यासारखं झालं. वर्षानुवर्षं घट्ट बांधून ठेवलेली गाठ या कालच्या पोरीने दोन मिनिटांत सोडली होती.

तो ताडकन उठला. "माझी पोरगी मंद आहे, असं म्हनायचंय तुमाला?" तो ओरडला. मागच्या दोघी दचकल्या. गीतांजली "नाही हो, मी असं कुठे..." म्हणत राहिली, पण तो कागद टेबलावर आपटून बाहेर पडला.

घरी येऊन त्याने उत्कर्षाला अर्ज लिहायला बसवलं. मजकूर याचा, अक्षर तिचं. 'वर्गशिक्षिका माझ्या मुलीला मंद म्हणतात. तिला वर्गात इतर मुलांपासून वेगळं बसवतात.'

उत्कर्षाचं पेन थांबलं. "मंद असं म्हणाल्या त्या? स्वतःच्या तोंडाने?"

"लिही तू."

तिने लिहिलं. पालकांच्या ग्रुपवर बातमी पसरली. कोणाला होमवर्क कमी वाटत होता, कोणाच्या मुलाला टीचरनी दटावलं होतं. अर्जावर अकरा सह्या झाल्या. दिवाळीच्या सुटीनंतर गीतांजली टीचर शाळेत आल्या नाहीत. नव्या टीचर सोनमच्या वहीवर तारे चिकटवायच्या आणि डायरीत 'गुड गर्ल' लिहायच्या. सुगतला बरं वाटायचं. निदान बरं वाटतंय असं तो स्वतःला सांगायचा.

त्या वर्षभरात सोनमचं सकाळी पोट दुखायला लागलं. शुद्धलेखन असेल त्या दिवशी तिला उलटी व्हायची. आणि आता हा चष्मा.

शनिवारी तिघं नेरुळला एका बालमानसतज्ज्ञ बाईंकडे गेली. दोन शनिवारी मिळून दोन बैठका झाल्या. दुसऱ्या बैठकीनंतर सोनमला बाहेर चित्रं काढायला बसवून डॉक्टरबाईंनी दोघांना आत घेतलं.

"बुद्धी उत्तम आहे. वयापेक्षा पुढेच आहे म्हणा," त्या म्हणाल्या. "पण वाचन-लेखनाची अडचण आहे. याला अध्ययन अक्षमता म्हणतात. हा आजार नाही, आळस तर नाहीच. शिकवायची पद्धत वेगळी लागते. दुसरीच्या सुरुवातीला सुरू केलं असतं, तर आत्ता एवढी भीती बसली नसती तिच्या मनात. शाळेतून कधीच कोणी काही सांगितलं नव्हतं?"

"नाही," सुगत म्हणाला.

उत्कर्षाने त्याच्याकडे पाहिलं.

"घरात आणखी कोणाला असा त्रास? आई-वडील, काका, आत्या? बऱ्याचदा घराण्यात असतं म्हणून विचारते."

"नाही," सुगत पुन्हा म्हणाला. आवाज स्वच्छ होता. त्याचंच त्याला नवल वाटलं.

खाली आल्यावर उत्कर्षा स्टॉपवरच्या बाकड्यावर बसली. सोनम थोडी पुढे उभी राहून येणाऱ्या गाड्या मोजत होती.

"दोनदा खोटं बोललात," उत्कर्षा म्हणाली.

सुगतने बसच्या तिकिटासाठी खिशातले सुटे पैसे मोजायला घेतले.

"मला पहिल्या वर्षीच कळलं होतं, अहो. मी काय बोलले? कधी विचारलं तुमाला? तुमाला नको होतं, मी नाय विचारलं. पण पोरीचंही का झाकून ठेवलंत?" ती त्याच्याकडे वळली. "आणि माझा हात वापरलात. अर्जातलं अक्षर माझं आहे. मी टीचरना तेव्हा मेसेज केला होता, सॉरी म्हणून. तुमाला सांगितलं नाही."

"काय म्हनाली ती?"

"एवढंच, 'सोनमला एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या.'" उत्कर्षाने पदराने डोळे टिपले. "ते मी वाचलं, तरी वर्षभर गप्प बसले. तुमच्या रागाला भिऊन. म्हणजे मी पण तेवढीच."

बस आली. सुगत खिडकीशी बसला. त्याला आठवत होतं, दोन महिन्यांपूर्वी सोनमने धडा वाचताना तिसऱ्यांदा तीच चूक केली, तेव्हा तो तिच्यावर खेकसला होता, "लक्ष कुठे असतं तुझं?" हेच वाक्य गुरुजी त्याला म्हणायचे. तसंच, त्याच चालीत.

पुढच्या आठवड्यातल्या सुटीला तो तळवलीला गेला. चार मजली इमारतींच्या मधे अडकलेलं बैठं घर त्याने विचारत विचारत शोधलं. ओट्यावर एक म्हातारी वाल सोलत होती.

"कोन पायजे?"

"गीतांजली टीचर."

"गीता घरान नाय. दाताच्या दवाखान्यान हाय, कामाव." म्हातारीने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "टीचर कवाच नाय आता ती."

दवाखाना घणसोलीत, एका औषधाच्या दुकानाच्या वर होता. काचेच्या दारामागे काउंटरवर गीतांजली बसली होती. फोनवर कोणाला तरी वेळ देत होती. फोन ठेवून तिने मान वर केली आणि तिचा चेहरा आक्रसला.

"टीचर, मी सोनमचा..."

"ओळखलं. अपॉइंटमेंट आहे?"

"नाही. तुमच्याशी बोलायला आलो."

आत मशीन घरघरत होतं. बाकावर एक आजोबा गाल धरून बसले होते. गीतांजलीने एकदा आत पाहिलं आणि त्याला बाहेर जिन्यावर चलायची खूण केली.

सुगतने वाटेत बसमध्ये बरंच काही जुळवलं होतं. त्यातलं काहीच आठवेना. "डॉक्टरला दाखवलं सोनमला," तो म्हणाला. "तुमी सांगितलं तेच निघालं."

गीतांजलीने डोळे मिटून घेतले. "कधी?"

"पंधरा दिवस झाले."

"म्हणजे वर्ष गेलं तिचं." ती स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली. मग एकदम, "गोष्टी सांगते का अजून? मधल्या सुटीत डबा उघडून बसली की सहा-सात पोरं तिच्याभोवती असायची. मगर आणि टँकरवाल्याची एक गोष्ट होती तिची, रोज वाढायची."

सुगतला अशी काही गोष्ट ठाऊकच नव्हती. त्याने मान हलवली, हो की नाही ते त्यालाही कळलं नाही.

"टीचर, माझी चूक झाली. मी खोटं लिहवून घेतलं."

"हो," ती म्हणाली.

तो वाट बघत राहिला. 'जाऊ द्या', 'झालं ते झालं', काहीच नाही. खालच्या रस्त्यावर रिक्षा हॉर्न वाजवत होती.

"तुमाला कळलं होतं ना त्या दिवशी?" त्याने शेवटी विचारलं. "माझं?"

"माझ्या मोठ्या भावाला असंच आहे. सातवीत शाळेने त्याचं नाव कमी केलं. म्हणून मला लवकर कळतं." ती जिन्याच्या कठड्याला टेकली. "तो कागद तुमच्या हातात द्यायला नको होता मी, चार लोकांसमोर. तेवढं माझंही चुकलं. पण त्याची शिक्षा एवढी नव्हती, सोनमचे पप्पा. तीन शाळांत मुलाखती दिल्या. आधीची शाळा का सोडली, विचारतात. मग तिथे फोन करतात. मग मला फोन येत नाही."

"मी शाळेत जातो. सांगतो सगळं."

"सांगा. माझ्यासाठी म्हणून नका सांगू, मी काही परत यायची नाही तिथे. पण खरं ते फाइलला लागू द्या." आतून कोणीतरी तिला हाक मारली. ती वळली, दाराशी थांबली. "सोनमला सांगा, मी विचारलं होतं."

मंगळवारी सुगतने रजा टाकली. शाळा सुटायच्या वेळेला तो आणि उत्कर्षा मुख्याध्यापिका वैजयंतीबाईंच्या केबिनमध्ये गेले. सोनमला बाहेरच्या बाकावर बसवलं होतं. केबिनचं दार काचेचं होतं.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि कपाटातून फाइल काढली. "आता वर्ष होऊन गेलं हो. तुमच्या अर्जावर अकरा सह्या होत्या. मी तरी काय करणार होते? आम्ही त्यांच्याकडून लेखी खुलासा घेतला. त्यांनी चार ओळींच्या वर काही लिहिलंसुद्धा नाही."

"काय लिहिलंय?" सुगतने विचारलं.

बाईंनी वाचलं, "'मी विद्यार्थिनीला मंद म्हटलेलं नाही. मदत करता यावी म्हणून तिला माझ्या टेबलाजवळ बसवलं. पालकांशी बोलताना माझ्याकडून त्यांना कमीपणा वाटला असेल, तर मी दिलगीर आहे. सोनमकडे कृपया लक्ष द्यावं.' बस, एवढंच."

सुगतने फाइलमधल्या त्या कागदाकडे पाहिलं. तिला किती सोपं होतं. एका ओळीत लिहिता आलं असतं, की पालकांना स्वतःलाच वाचता येत नाही, म्हणून ते चिडले. तिची नोकरी त्या ओळीने वाचली असती. ती ओळ तिथे नव्हती.

"तुम्हाला जे सांगायचंय ते लेखी द्या," बाई म्हणाल्या. "फाइलला लावते. यापुढे कोणी चौकशी केली तर तेही सांगेन."

उत्कर्षाने सवयीने पर्समधून पेन काढलं. "सांगा," ती म्हणाली.

"दे इकडे," सुगत म्हणाला.

"अहो..."

"मी लिहितो."

बाईंनी कोरा कागद पुढे केला. सुगतने खुर्ची ओढली. मोठमोठे व्हॉल्व्ह एका झटक्यात मोकळे करणारा त्याचा हात पेनावर इतका आवळला गेला, की बोटांची पेरं पांढरी पडली. पहिला शब्द झाला. दुसरा खोडला. पुन्हा लिहिला. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा सरकत होता. एक पालक आत डोकावला, बाईंनी त्याला थांबायला सांगितलं, तरी तो दारातच उभा राहून बघत राहिला. सुगतच्या मानेवरून घामाचा ओघळ कॉलरमध्ये गेला. एकदा उत्कर्षाने वाकून एक वेलांटी दाखवायला बोट पुढे केलं आणि मग स्वतःच मागे घेतलं.

पस्तीस मिनिटं लागली.

'मी सुगत शीवराम सकपाळ. गितांजली टिचर माज्या मुलिला मंद मनाल्या नव्हत्या. ते मी खोट सागीतल होत. टिचर बरोबर होत्या. मला पन निट वाचता येत नाही. ते त्याना माहित होत. त्यानी कोनाला सागीतल नाही. चुक माजी आहे.'

खाली सही केली. सही मात्र झोकात आली. तेवढी त्याने आयुष्यभर गिरवलेली होती.

वैजयंतीबाईंनी कागद वाचला. पुन्हा वाचला. जरा घुटमळून त्या म्हणाल्या, "हवं तर घरी जाऊन टाइप करून आणा. उद्या दिलंत तरी चालेल. इतरांच्या नजरेला पडणार..."

"नको मॅडम," सुगत म्हणाला. "असाच लावा."

त्यांनी पंचिंग मशीन ओढलं, कागदाला दोन भोकं पाडली आणि जुन्या अर्जाच्या वर तो फाइलला लावला. "उत्कर्षाताई, सोनमसाठी काय सवलती लागतील, त्याचा फॉर्म देते," त्या म्हणाल्या. उत्कर्षा थांबली. सुगत बाहेर आला.

व्हरांडा रिकामा झाला होता. शिपाई शेवटच्या वर्गाची खिडकी लावत होता. सोनम बाकावर दप्तर मांडीवर घेऊन बसली होती. काचेतून तिला सगळं दिसलं असणार. सुगतच्या उजव्या हाताची बोटं अजून दुखत होती. त्याने ती शर्टाला पुसली.

"तुला किती वेळ लागला, पप्पा," सोनम म्हणाली.

"हो," तो म्हणाला. "मला लागतो."

सोनमने त्याच्या बोटांकडे पाहिलं.

"मला पण," ती म्हणाली, आणि दप्तर बाजूला घेऊन तिने त्याला बसायला जागा केली.